फाइलीत सगळं होतं

४ जुलै, गुरुवार

अकोल्याहून अमरावतीला परतताना एसटीत लिहितेय. अक्षर हलतंय, पण आजचं लिहून ठेवायलाच हवं.

सुनंदा आणि विलास. फुलवाले, बार्शीटाकळी रोडला मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध. ती एप्रिलपासून माझ्याकडं समुपदेशनाला येते. थकवा, विसरभोळेपणा, कशात मन नाही, उगाच रडू, आवाज बसलेला. आज तिची सहावी खेप, त्याची तिसरी. त्याचा आवाज मोठा. साधं बोलला तरी भांडतोय असं वाटतं. तिला प्रश्न विचारला की उत्तर त्याच्याकडून येतं.

आज त्याला हातानंच थांबवलं. म्हटलं, आज फक्त सुनंदाताई बोलतील. आणि गप्प बसले. खाली जठारपेठेत कुणाची तरी गाडी चालू होईना, किका मारणं चाललं होतं. मग ती, त्या दाटलेल्या घोगऱ्या आवाजात,

"मले तुमच्यासंग नाही राहाचं."

विलास: "काहून?"

"थकली मी."

एवढंच. सतरा वर्षांचा संसार, एक मुलगी. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला.

मी म्हटलं, "यांना थोडी जागा द्या विलासभाऊ. काही दिवस माहेरी राहू द्या."

नोट्समध्ये लिहिलं, 'घसा मोकळा झाला. आवाज सापडला.' खाली रेघ मारली. या वर्षातलं सगळ्यात चांगलं सेशन. बडनेरा येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.


११ जुलै

दोघंही आले नाहीत. विलासचा फोन. ती सोमवारीच भावाकडं गेली, दर्यापूरजवळ. मुलगी पल्लवी बापाजवळ राहिली, दहावीचं वर्ष.

"तुमी म्हनलं जागा द्या. देल्ली मॅडम."

रागावलेला नव्हता. त्यामुळं जरा चुकल्यासारखं वाटलं. पण हे होणारच. घरातली एक बाई हलली की सगळं घर हलतं, मीच सांगते सगळ्यांना.


२५ जुलै

विलास एकटा आला. धुतलेला शर्ट, नखांत माती. "मी काय करू ते सांगा. करतो."

किती सरळ विचारलं. आणि मी किती सरळ सांगितलं. महिनाभर फोन करू नका. न्यायला जाऊ नका. मुलीच्या हातून निरोप पाठवू नका. ती स्वतःहून बोलेपर्यंत वाट पाहा.

त्यानं खिशातल्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटावर लिहून घेतलं. "एकबी फोन नाही?"

"एकही नाही."

"बिमार-गिमार पडली तं?"

"भाऊ आहे ना तिथं."

जाताना म्हणाला, घरात आता लईच शांत झालं. पल्लवी जेवायला वाढते, पण बोलत नाही.


८ ऑगस्ट

सुनंदाचा फोन, दुपारी. आवाज आणखी खोल. वाक्य सुरू करते आणि मधेच सोडून देते. मीही घाई केली नाही, थांबत गेले. विचारलं, सकाळचं चालणं सुरू आहे का?

"चालवत नाही मॅडम. पाय भरून राह्यले."

म्हटलं, अंगणातल्या अंगणात चाला. थोडं थोडं. श्वासाचे व्यायाम सुरू ठेवा. घर सोडल्याचं दुःख अंगात साठतं, पाय जड होतात.

"हो," म्हणाली. ती सगळ्याला हो म्हणते.


२२ ऑगस्ट, गुरुवार

अकोल्यात दुसऱ्या सेशनच्या मध्ये फोन तीनदा वाजला. बाहेर येऊन घेतला. सु.ची वहिनी.

परवा सकाळी न्हाणीत बसली ती उठलीच नाही. अंग गार, डोळे उघडे, पण हाक मारली तर कळत नव्हतं. दर्यापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तोंडाकडं पाहिलं, मानेवर बोटं ठेवली आणि विचारलं, हिचं थायरॉइड कधी तपासलं? कोणी म्हणजे कोणीच तपासलं नव्हतं. हृदयाभोवती पाणी झालंय म्हणून अमरावतीला पाठवलं. कालपासून इथंच आहे, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

वहिनी: "ते मॅडम, तुमी एवढं सारं विचारत होत्या म्हने तिले. मंग हे कसं नाही दिसलं तुमाले?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

रिपोर्टचा फोटो पाठवलाय. थायरॉइडचा आकडा एक आकडी असायला हवा. तीन आकडी आहे.

उरलेली तीन सेशन्स कशी घेतली आठवत नाही.


२३ ऑगस्ट

सकाळी दवाखान्यात गेले. वॉर्डच्या दारापर्यंत. ती खिडकीकडं तोंड करून झोपली होती. दोन गोधड्या, ऑगस्टच्या उकाड्यात. आत गेले नाही. वहिनी उठून आली तर काय बोलायचं... परत आले.

राजापेठेतल्या सेंटरवर येऊन तिची फाइल काढली. आपल्या सेंटरचा चार पानी फॉर्म. किती अभिमान मला त्याचा. 'आम्ही फक्त मन बघत नाही, पूर्ण माणूस बघतो.' झोप, जेवण, पाणी, पाळी, शौच, काम, नाती, देवधर्म.

माझ्याच अक्षरात:

थंडी वाजते, मे महिन्यातही (शेजारी मी: 'असुरक्षित वाटणं?')
वजन वाढलं, भूक नाही ('भावना खाणं?' भूक नाही असं लिहिलेलं असताना.)
केस गळतात. कातडी कोरडी.
शौचाला चार-चार दिवस ('धरून ठेवण्याची सवय')
पाळी फार जाते.
तोंड सुजल्यासारखं, सकाळी जास्त ('रडणं')
आवाज बसलेला, तीन महिने ('न बोललेलं घशात')

सगळं विचारलं होतं. सगळं लिहिलं होतं. आणि प्रत्येक ओळीपुढं कंसात माझी हुशारी.

आज सकाळी आईंना गोळी दिली. सासूबाईंना. उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी. अठरा वर्षं मीच देतेय. ती गोळी थायरॉइडचीच.


२६ ऑगस्ट

मोहिनीताईंकडं गेले. माझ्या गुरू त्या. तीस वर्षं मनोविकारांची डॉक्टरकी केली, आता रिटायर. फाइल पुढं ठेवली. चष्मा लावून चारही पानं वाचली. कंससुद्धा.

"वंदना, फॉर्म चांगला आहे. भरलाही नीट. वाचला कोणी?"

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "ते घरी. आता सांग, नवऱ्याला कोणी कळवलं?"

मी फाइल मिटायला लागले.

"कोणीच नाही?"

वहिनी त्याच्यावर चिडलेली आहे. महिना झाला, बायकोला एक फोन केला नाही म्हणून.


२ सप्टेंबर, पोळा

कळवलं नाही अजून. आज सणाचं कशाला. येत्या गुरुवारी गणपती तोंडावर, त्याची फुलांची घाई. मग महालक्ष्म्या बसतील. सगळी कारणं खरी आहेत आणि सगळी खोटी.

सु.ला शनिवारी घरी सोडलं म्हणे, म्हणजे भावाकडं. बरी आहे.


५ सप्टेंबर, गुरुवार

केला फोन. अकोल्यातून, सेशन्सच्या आधी, दार लावून. सगळं सांगितलं. मी काय लिहिलं होतं, काय बघितलं नाही, काय झालं. 'चूक माझी' हे शब्द मधे कुठंतरी विरून जाऊ नयेत म्हणून ते आधी म्हटले.

तिकडं मोटारपंपाचा आवाज. मग तोही बंद झाला. बंद केला असावा.

"दवाखान्यात कितीक दिवस होती?"

"दहा."

"अमरावतीतच?"

"हो."

"तुमी म्हनलं होतं एकबी फोन नाही, म्हून मी..." आणि फोन ठेवला. ठेवला का कापला गेला, माहीत नाही. मी परत लावला नाही.


६ सप्टेंबर

विलास दर्यापूरला गेला होता म्हणे, सकाळच्या पहिल्या गाडीनं. भावानं घरात घेतलं नाही. ओट्यावर तासभर बसला आणि परत आला. उद्या गणपती. आज हारांचा सगळ्यात मोठा दिवस, आणि तो मळा सोडून गेला.

हे वहिनीनंच सांगितलं. तिचा आवाज जरासा नरमलाय. "त्याले कोनी सांगतलंच नव्हतं तं त्याचा काय दोष? म्या माह्या नवऱ्याले म्हनलं, पन ऐकते कोन."

मी तिला सांगितलं, फोन करू नका हे मी सांगितलं होतं. तुमच्या यजमानांनाही हे सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

"तुमीच सांगा न."

सांगितलं. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच बोलला, "शिकलेल्या लोकायचं काही खरं नाही." वीस वर्षांत मला कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.


१९ सप्टेंबर, गुरुवार

मळ्यात गेले. न सांगता. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, किंवा मी.

महालक्ष्म्यांची घाई उरकली होती. तो आणि दोन बाया झेंडूच्या ओळींत खुरपत होते. पल्लवी आंब्याखाली पुस्तक घेऊन. मला ओळखलं तिनं, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून. उठली नाही.

"तुमी माह्या आईले बिमार असून घरातून काढलं."

विलास लांबूनच ओरडला, "पल्लवे!" तोच त्याचा आवाज. ती दचकलीसुद्धा नाही, तिच्या सवयीची असावी ती हाक. मी म्हटलं, बोलू द्या तिला. आणि म्हटल्या म्हटल्या जीभ चावली. हेच वाक्य, याच माणसाला, मी आधी किती वेळा.

पल्लवीला म्हटलं, "हो. मला कळायला हवं होतं. कळलं नाही."

ती म्हणाली, "मले कळत होतं. म्या बाबाले सांगतलं होतं की आई पांढरी पडून राह्यली. बाबा म्हने मॅडमकडं जातो न आपन."



विलासनं पाणी आणून दिलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो. माफी मागितली, नीट, तोंडावर. तो मातीकडं बघत होता.

"एक सांगू मॅडम? तुमी चुकल्या ते चुकल्याच. पन म्या ओरडत होतो ते खोटं नोतं. तिच्या हातून दूध उतू गेलं तरी ओरडलो. हार चुकला, ओरडलो. बिमार होती म्हून चुकत होती ते आता समजलं. पन मले ठाव नोतं तवाबी म्या ओरडतच होतो न. मंग ते कोनाच्या खात्यात?"

मला वाटत होतं तो मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

येताना त्यानं फुलं दिली नाहीत. आधी प्रत्येक वेळी द्यायचा.


२४ सप्टेंबर

दोन जुन्या फाइली काढल्या, अशाच थकव्याच्या. दोघींनाही आधी डॉक्टरांकडं, रक्त तपासायला पाठवलं. एकीचं सगळं ठीक. दुसरीचं रक्त फारच कमी निघालं. ती दीड वर्ष माझ्याकडं येतेय. दीड वर्ष मी तिला 'स्वतःसाठी वेळ काढा' सांगतेय.

कंस बंद. फॉर्ममध्ये ती जागाच काढून टाकली.

आई विचारत होत्या, आजकाल जेवत का नाहीस. म्हटलं, भूक नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला दाखव आधी, मग विचार कर." त्यांना काहीच माहीत नाही या सगळ्यातलं.


३ ऑक्टोबर, गुरुवार. घट बसले

आज अकोल्याला गेले नाही. सु. राजापेठेत आली, वहिनीबरोबर. वहिनी खाली शिकवणीच्या क्लासबाहेर पायरीवर बसून राहिली.

दार उघडून आत आली तर क्षणभर ओळखलंच नाही. चेहरा उतरलाय, म्हणजे सूज उतरलीय. गालांची हाडं दिसतात. डोळे मोठे आहेत तिचे. मला माहीत नव्हतं. सहा वेळा समोर बसली होती.

आणि बोलली. बारीक, स्वच्छ आवाज, थोडासा किनरा. मी तिला म्हटलं, तुमचा आवाज असा आहे होय. ती हसली. "लगनात गाने म्हनत होती मी. आता पुन्हा म्हनता येते."

तिचीही माफी मागितली. तिनं हात हलवला, माशी हाकलावी तसा. त्यासाठी आलीच नव्हती ती.

"मॅडम, एक विचाराचं होतं. तवा अकोल्यात मी म्हनली न त्यायले, नाही राहाचं म्हून. ते मीच म्हनली का बिमारीनं म्हनलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडं चार उत्तरं तयार होती. सगळी चांगली होती.

"मला माहीत नाही, सुनंदाताई."

"मंग कोनाले ठाव?"

"तुमच्याशिवाय कोणाला नाही. आणि तुम्हालाही लगेच कळेलच असं नाही."

ती बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली. आता ती सैल होते. मग म्हणाली, त्या दिवसाचं आठवते, पण भिंतीपलीकडून कोणी बोलत असल्यावानी. शब्द आठवतात, बोलताना काय वाटत होतं ते आठवत नाही. गोळी सुरू झाल्यावर तिला पल्लवीची आठवण येते, मळ्याची येते. निशिगंध तोडायचा असतो पहाटे, त्या वासाची येते. "त्यायची येते का, ते पाहून राह्यली मी. कधी येते. कधी ओरडनं आठवते अन् हात-पाय गार पडतात. आता हे गार पडनं कशाचं, मॅडम? गोळी तं सुरू हाय."

म्हटलं, हे मात्र डॉक्टरांना सांगा, आणि विलासभाऊंनाही सांगा. दोघांनाही.

भाऊ म्हणतो फारकत घे. वहिनी म्हणते दिवाळीला जाऊन पाहा. आणि मी? जुलैत मी एका मिनिटात सांगून टाकलं होतं. आज म्हटलं, मी सांगणार नाही. तिला ते आवडलं नाही. तोंड पडलं तिचं. आधी मी न विचारता सांगत होते, आणि आज ती विचारतेय तर...


१० ऑक्टोबर

विलासचा फोन. पहिल्यांदा त्यानं हळू बोलायचा प्रयत्न केला, इतका हळू की मला ऐकू येईना. सु.नं स्वतः त्याला फोन केला होता. दसऱ्याची फुलं कशी आहेत विचारलं. पाच मिनिटं फुलांवरच बोलली. मग म्हणाली, एकदा मॅडमच्या समोर बसू.

"पुन्हा तुमच्याचकडं म्हनते थे. म्या म्हनलं दुसऱ्या कोनाकडं जाऊ. तं म्हने, नाही, तथीच."

"तुमचं काय म्हणणं?"

"माह्यं काय. मले तं भेव वाटते तुमच्या खोलीचं."

मलाही, म्हणणार होते. म्हटलं, या.


१७ ऑक्टोबर, गुरुवार. अकोला, जठारपेठ

खोलीतच लिहितेय. म्हणजे खोलीबाहेर, जिन्यावर बसून.

तीन वाजता आले दोघं. वेगवेगळे. ती आधी, दर्यापूरच्या गाडीनं, वहिनी नाही, एकटी. तो दहा मिनिटांनी. दारात तिला बघून थबकला. सूज उतरलेला चेहरा त्यानंही पहिल्यांदाच पाहिला. चपला बाहेर काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

मी सुरुवात करणार होते. मनात जुळवून ठेवली होती वाक्यं, काल संध्याकाळपासून. आज मी कमी बोलेन असंही त्यातच सांगणार होते.

त्याआधी सुनंदाच माझ्याकडं वळली. अजिबात उर्मट नाही, पाणी मागावं तसं:

"मॅडम, तुमी जराशा भाईर बसता काय?"

मी विलासकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

उठले. डायरी तेवढी घेतली. दार तिनं लावून घेतलं, आतून.

वीस वर्षांत माझ्याच खोलीबाहेर बसायची पहिली वेळ. आधी दहा मिनिटं राग आला, हे लिहायला हवं. माझी खोली. मग वाटलं, आत काही बिघडलं तर? तो ओरडला तर? मग वाटलं, ओरडला तर ती काय करते ते तिचं तिलाच कळेल, मला कळून काय उपयोग. मग तेही खरं की माझी पळवाट, कळेना.

आवाज येतात. शब्द नाहीत. त्याचा दबका, मधूनच चढतो आणि मग एकदम तुटतो, कोणी हात धरल्यासारखा, किंवा त्यानंच धरल्यासारखा. तिचा बारीक. एकदा बराच वेळ दोघांचाही नाही. एकदा तिचा रडण्याचा आला, नाहीतर हसण्याचा असेल. लाकडी दारातून ओळखू येत नाही.

पावणेपाच झालेत. साडेचारच्या बाई जिना चढून आल्या, मला पायरीवर बघून गोंधळल्या. त्यांना हातानंच थांबा म्हटलं आणि शेजारी बसायला जागा करून दिली.

आत आत्ता त्यानं काहीतरी विचारलं. शेवटी सूर वर गेला, म्हणजे प्रश्नच. ती अजून बोललेली नाही.